सात वाजताची गिनती

काका,

परवा सियागंजात धने आणि हिंग आणायला गेलो होतो. एका गोदामासमोर दोन हमाल भांडत होते. त्यातला थोराड हमाल दुसऱ्याला म्हणाला, "चल, आज से तू बारा पत्थर बाहर!" मी रस्त्यातच उभा राहिलो. मागचा हातगाडीवाला ओरडत होता, तरी हललो नाही. त्या हमालानं जन्मात छावणी पाहिली नसेल. छावणीच्या हद्दीवर बारा दगड रोवलेले असतात आणि कसूर करणाऱ्याला त्या दगडांपलीकडे हाकलून देतात, हेही त्याला कुणी सांगितलं नसेल. पण शब्द त्याच्या तोंडात अगदी घरचा होऊन बसला होता. तो तिथे कुठून आला ते मला ठाऊक आहे. त्याच गोदामांवर तुम्ही सहा वर्षं चौकीदारी केलीत.

तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. आपल्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मला दोन पानं मागितली आहेत. "हवालदारकाकांवर तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांच्या समोर राहत होता," असं चिटणीस म्हणाले. तुमचा जन्म कुठला, पलटण कुठली, छातीवर बिल्ले किती, ते दुसरं कुणीतरी लिहील. समोर राहणारा माणूस काय लिहिणार? तीन वर्षं मी तुमच्याशी बोललो नाही. गल्लीची रुंदी आठ पावलं आहे आणि ती आठ पावलं मला तीन वर्षांत चालता आली नाहीत. आता दहा दिवस एकाच गोष्टीनं जीव खाल्ला आहे. जाताना मी तुमच्या गिनतीत होतो की नव्हतो? हे फक्त तुम्हीच सांगू शकला असता, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

ज्यांना आपली गल्ली माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगावं लागेल. इंदुरात बड्या गणपतीच्या मागची ही बावीस घरांची गल्ली. संस्थान विलीन झालं, मध्य भारत हा नवा प्रांत झाला आणि संस्थानी पलटणीची छाननी झाली. काहींना नव्या फौजेत घेतलं. तुमच्या गुडघ्यात दोष निघाला म्हणून तुम्हाला घरी पाठवलं. एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि तुमची बोली एवढं घेऊन तुम्ही आलात. पेटी आणि घोंगडी घरातच राहिली. बोली मात्र आठवडाभरात गल्लीत हिंडायला लागली.

पहिल्यांदा ती काकूंच्या स्वयंपाकघरात शिरली. लोणच्याच्या बरण्यांच्या फडताळाला तुम्ही 'कोत' म्हणायचात, पलटणीत बंदुका ठेवायच्या खोलीला म्हणतात तसं. महिन्याभरात काकूही म्हणायला लागल्या, "कोतातून जरा लिंबाची बरणी काढ." मग आपल्या शेजारचे मास्टर. मास्टर म्हणजे रामचंदर दर्जी, ते स्वतःला टेलरमास्टर म्हणवून घेतात. वायदा चुकवणाऱ्या कारागिराला जादा काम दिलं की ते सांगायचे, "आज तो उसकी दलेल निकाल दी." दलेल म्हणजे फौजेतली शिक्षेची कवायत. गल्लीत नवी सून आली की ती रंगरूट, म्हणजे नवी भरती. पानं मांडली की माझी बायको सुशीला आतून रांगेत उभं राहायचा तुमचा हुकूम सोडायची, "फालिन व्हा!" लग्न होऊन महेश्वराहून आली तेव्हा ही बाई पाण्याला तीर्थ म्हणत होती. मी कपाळाला हात लावला.

माझी नोकरी कसली ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं आणि तुम्हाला तिची फार गंमत वाटायची. सरकारी कचेरीत इंग्रजी शब्दांना देशी शब्द घडवायचं एक टेबल आहे, त्या टेबलावर मी बसतो. हिवाळ्यात टेबल ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, कारण सरकारच्या राजधान्या दोन. सहा-सहा महिने आम्ही कपाटं आणि फायली घेऊन हिंडत असतो. त्याला तुम्ही 'बाबूंचं रूट मार्च' म्हणायचात.

एकदा तुमच्या ओट्यावर आपलं चांगलंच जुंपलं होतं. मी हजेरीपटासाठी नवा शब्द घडवून आणला होता, 'उपस्थिति-पंजी'. मोठ्या अभिमानानं तुम्हाला सांगितला. तुम्ही विडी विझवलीत आणि म्हणालात, "वसंता, हा शब्द किती दिवसात केला?"

"चार दिवस चर्चा झाली. वरून मंजुरी आली."

"कोण बोलतं हा?"

"अजून तो कोणी नाही. पण आता फायलीत येईल, मग हळूहळू..."

"भिया, माझ्या गिनतीला कोणी मंजुरी दिली होती? तरी मास्टर बोलतो, दूधवाला बोलतो. तुझी बायको बोलते!"

मी चिडलो. म्हणालो, काका, तुमचे हे शब्द धड इंग्रजी नाहीत, धड हिंदी नाहीत आणि मराठी तर नाहीतच. कुणा गोऱ्या साहेबानं काहीतरी फर्मावलं, ते आपल्या शिपायांनी तोंडाला येईल तसं फिरवलं आणि तुम्ही ते गल्लीत आणून ओतलंत. आपली भाषा याच्यानं बाटते. शिवाय हे शब्द तुमचेही नाहीत, महूच्या छावणीतून आलेले आहेत. राऊच्या नाक्यावरचा चहावालासुद्धा हेच बोलतो.

बाटल्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. महूचं मात्र फार लागलं. "महू? महूवाले तो आमच्या नंतर शिकले!" एवढं म्हणून तुम्ही हसलात आणि काकूंना चहा टाकायला सांगितलात. पण चहा होईपर्यंत हातवारे करत एक गोष्ट सांगितलीत. ती मी तेव्हा नीट ऐकली नाही, आता आठवते. तुम्ही म्हणालात की रंगरूट भरती होतो तेव्हा कुणी नेमाडातला असतो, कुणी माळव्यातला, कुणी साताऱ्याकडचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. घरची आठवण येते, भीती वाटते. मग चार-सहा शब्द असे मिळतात की ते सगळ्यांचे असतात. "ते बोलले की वाटतं, आपण एकटे नाही. बाकी त्या शब्दात काही नसतं रे."

मी म्हणालो, हा काही भाषेचा नियम झाला नाही. तुम्ही म्हणालात, "नाही तो नाही." वाद तिथेच राहिला. पुढे तो पुरा करायला आपण एकत्र बसलोच नाही.

आता गिनतीचं सांगतो.

तुम्ही परत आलात त्याच साली गल्लीच्या टोकाला बिननंबराच्या एका खोलीत एकट्या राहणाऱ्या गंगूबाई गेल्या. दोन दिवस कुणाला पत्ताच लागला नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दार ढकललं. सगळी गल्ली मान खाली घालून उभी होती. तुम्ही मात्र भडकला होतात. "पलटणीत असं होत नाही! संध्याकाळी गिनती होते. कोण आहे, कोण नाही, कोण बीमार, कोण छुट्टीवर, रोज कळतं. बावीस घरं आहेत आपली, आणि एक माणूस मरून दोन दिवस पडतो?" त्याच संध्याकाळी सात वाजता तुम्ही ओट्यावर उभे राहिलात आणि खणखणीत आवाजात हाक दिलीत, "एक नंबर!" लोक हसले. एक नंबरचे मिश्रजी हसत हसतच म्हणाले, "हाजिर!" तुम्ही हसला नाहीत. बावीस घरं झाल्यावर म्हणालात, "कुल बावीस. सब ठीक." आणि आत गेलात.

पंधरा दिवसांत हसणं थांबलं. महिन्याभरात सात वाजले की लोक आपोआप दाराशी यायला लागले. मिश्रजींना ताप आला ते गिनतीत कळलं. आठ नंबरची सून अडली ते गिनतीत कळलं आणि टांगा वेळेवर मिळाला.

एका बाबतीत तुम्ही फार कडक होता. मास्टरांना एकदा राऊला बहिणीकडे जायचं होतं आणि बायकोनं तेव्हा त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं, म्हणजे त्यांच्या जागी 'हाजिर' म्हणायला कुणी नव्हतं. ते म्हणाले, "काका, मेरा लगा देना, मैं ठीक ही हूँ." तुम्ही डोळे वटारलेत. "कानानं ऐकल्याशिवाय किंवा डोळ्यानं बघितल्याशिवाय मी कोणाला धरत नाही. झूठी गिनती देणारा हवालदार, हवालदार नाही." मास्टरांना शेवटी बायकोशी तह करावा लागला. आपण सगळे चार दिवस हसत होतो.

काका, आता ती संध्याकाळ. तुमच्यापुरती ती मिटली आहे, मला मात्र ती पुन्हा पुन्हा आठवावी लागते.

ग्वाल्हेरचे आमचे साहेब पहिल्यांदाच माझ्या घरी चहाला आले होते. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. सुशीलानं शेजारून कपबश्या आणल्या होत्या. साहेब शुद्ध भाषेबद्दल बोलत होते आणि मी माना डोलवत होतो. मला घड्याळाची आठवण राहिली नाही. बाहेर तुमची हाक सुरू झाली. चौदा, पंधरा आणि मग, "सोळा नंबर!"

सोळा नंबर म्हणजे आम्ही. मी गप्प बसलो. साहेबांच्या भुवया वर गेल्या. तुम्ही पुन्हा हाक दिलीत. सुशीला आतून उठली, मी तिला डोळ्यानं बसवलं. तिसऱ्या हाकेनंतर तुमच्या वहाणांचा आवाज आला आणि तुम्ही दारात उभे. साहेबांना पाहून टाचा जुळवल्यात, सलाम केलात आणि मला विचारलंत, "सोळा नंबर, रिपोर्ट? सब ठीक?"

साहेब हसले. "ये क्या तमाशा है, वसंतरावजी?"

तेव्हा मी जे बोललो ते मीच बोललो, दुसऱ्या कुणाला त्याचा दोष देता येणार नाही. मी म्हणालो, "काका, ही गल्ली आहे, फौज नाही. तुमची पलटण कधीच मोडली. आमचं घर तुमच्या गिनतीतून काढून टाका."

तुमचा चेहरा मी पाहिला आणि लगेच कपबशीकडे पाहायला लागलो. तुम्ही पुन्हा सलाम केलात, साहेबांना नाही, मला, आणि म्हणालात, "जी. सोळा नंबर बारा पत्थर बाहर." मग वळलात. त्या दिवशी तुमचा गुडघा जास्तच लंगडत होता.

बढती मिळाली. तुम्हाला कुणी सांगितलं असेलच.

साहेब गेल्यावर सुशीलानं एकच विचारलं, "तुम्ही ग्वाल्हेरला जाल सहा महिने. मग मी आणि पोर?" मी म्हणालो, शेजारी आहेत ना. ती शेजारच्या कपबश्या परत करायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझं घर गाळलंत. पंधरा नंबर झाला की तुम्ही थांबायचात. दोन श्वास भरतील एवढं. मग म्हणायचात, "सतरा नंबर." ते थांबणं मला फार टोचायचं. मला वाटायचं, रोज चारचौघांत तुम्ही मला आठवण करून देता, हे घर बाहेर टाकलेलं आहे. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. हो काका, रोज. इंदुरात असलो की एकही संध्याकाळ चुकवली नाही. आणि कारकुनाची सवय, मी मनात नंबर मोजायचो. एकवीस घरांची नावं व्हायची आणि शेवटी तुम्ही म्हणायचात, "कुल बावीस. सब ठीक."

पहिल्यांदा वाटलं, सवयीनं म्हणाला असाल. मग रोजच तसं व्हायला लागलं. मी सुशीलाला म्हणालो, "म्हाताऱ्याला आता मोजताही येत नाही. एकवीस घ्यायचे आणि बावीस सांगायचे!" ती कंदिलाची वात सारखी करत होती. म्हणाली, "असेल वयामुळे." सात वाजता कंदील लावून खिडकी उघडायची तिला सवय होती. डास आत येतात म्हणून मी कितीदा कुरकुरलो, पण ती म्हणायची, घर कोंदट होतं. एवढ्या तेवढ्यावर मी भांडलो आणि जिथे तोंड उघडायचं तिथे गप्प राहिलो.

यंदा भाद्रपदाच्या शेवटी तुम्हाला ताप भरला. पहिल्याच दिवशी सात वाजता ओटा रिकामा राहिला आणि गल्लीभर माणसं दारात येऊन एकमेकांकडे पाहत उभी राहिली. तुमच्या दाराशी मी दोनदा आलो. एकदा आत डॉक्टर होते. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मला तुमची पाठ दिसत होती. मी वहाणा काढल्या. मनात म्हणालो, उठवायचं आणि काय सांगायचं? माझं चुकलं, एवढंच ना? मग उद्या सांगू. वहाणा घातल्या आणि परत आलो. तुम्हाला माझी चाहूल लागली होती का? दहा दिवस याचाही विचार चालू आहे.

तुम्ही गेलात ते सांगायला मास्टर आले. दारात उभे राहून म्हणाले, "भिया, काका को तो बिस्तर गोल हुई ग्यो." वळकटी बांधून मुक्काम हलवायचा तुमचा शब्द. माझ्या मनात क्षणभर, त्या वेळीसुद्धा, हेच आलं की मेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं याला काही ताळतंत्र नाही. मग मास्टरांच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. त्यांना रडण्यासाठी तुमचाच शब्द सापडला होता. माझ्याकडे मंजुरी घेतलेले दोन हजार शब्द असतील, त्यातला एकही माझ्या उपयोगाला आला नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. दिवाळीच्या सुमारास मध्य भारतच मोडतो आहे. नवा प्रांत, राजधानी भोपाळ. आमचं टेबल राहणार की नाही कुणाला माहीत नाही. कचेरीत छाननीची यादी होते आहे. रोज सकाळी नोटिशीच्या फळ्यापाशी माणसं जमतात, एकमेकांशी बोलत नाहीत, नाव शोधतात. मीही शोधतो. ज्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो की तुमची पलटण कधीच मोडली, त्या दिवशी मला वाटत होतं की मोडतात त्या दुसऱ्यांच्या पलटणी. तुम्ही त्या छाननीतून घरी आलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल ते आता मला कळतं. कुणाला तरी विचारावंसं वाटतं, काका, तुम्ही काय केलं होतं तेव्हा? आणि मग आठवतं की तुम्ही काय केलंत ते मी रोज सात वाजता ऐकतच होतो.

इथवर लिहून कागद पेटीत ठेवले होते. त्याला पाच दिवस झाले. मधल्या काळात तुमचं तेरावं झालं आणि वरचं काही खोडायची माझी इच्छा नाही, म्हणून पुढे लिहितो.

तेराव्याला मी आलो. सुशीला सकाळपासून काकूंच्या हाताखाली होती. जेवणं आटोपली, संध्याकाळी सुशीला पोरीला घेऊन घरी गेली आणि मी सतरंज्या झटकायला मागे राहिलो. तुमच्या ओट्यावर तीन वर्षांनी पाय ठेवला होता. सात वाजत आले तशी माणसं आपापल्या दारात आली, कुणी बोलावलं नव्हतं. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मास्टर, आज घ्या गिनती. तेरा दिवस झाले, गल्ली अशी बरी नाही दिसत."

मास्टर ओट्यावर चढले. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. आवाज कापत होता, पण नंबर सगळे पाठ. मी त्यांच्या मागे, हातात सतरंजीची घडी घेऊन. चौदा. पंधरा. आणि मास्टर थांबले.

अगदी तुमच्यासारखेच थांबले. मला कानशिलं तापल्यासारखी वाटली. म्हटलं, आता मास्टरही! पण मास्टर माझ्याकडे पाहत नव्हते. ते समोर पाहत होते, आमच्या घराकडे. मीही पाहिलं. तुमच्या ओट्यावरून माझं घर त्या वेळी मी कधी पाहिलंच नव्हतं, मी नेहमी दाराआड असायचो. आमची खिडकी उघडली. सुशीला दिसली. तिनं कंदील उचलला, डोक्याइतका वर नेला, खाली आणला आणि खिडकीच्या चौकटीत ठेवला.

मास्टरांनी मान हलवली. "सतरा नंबर."

गल्लीत कुणालाही काही नवल वाटलं नाही. शेवटी मास्टर म्हणाले, "कुल बावीस. सब ठीक," आणि माणसं घरात गेली. सतरंजी माझ्या हातातून कधी पडली कळलं नाही.

काकू दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, "हे कधीपासून?"

"तुला माहीत नव्हतं?" त्या खरंच चकित झाल्या. "अरे, तुमचं भांडण झालं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. हे पंधरावर थांबले. तुझं नाव काढून टाकलं होतं ना, तो पुढे जाता येईना. तेवढ्यात सुशीलानं कंदील वर केला. हे घरात आले नि मला म्हणाले, सोळा नंबर बोलत नाही, पण हाजिर आहे."

"आणि मी ग्वाल्हेरला असलो की?"

"तेव्हा म्हणायचे, एक आदमी ड्यूटीवर."

जे विचारायचं होतं ते विचारलं. "काकू, त्यांचा राग गेला होता का?"

काकूंनी मला खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, "राग तो होता. शेवटपर्यंत होता. फार लागलं होतं त्यांना. पण राग आला म्हणून काय गिनतीतून काढतात माणसाला?"

घरी आलो. सुशीला पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, तीन वर्षं तू मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही सांगू दिलं असतं का? बंद करायला लावलं असतं." पोळी तव्यावर टाकून मग म्हणाली, "तुम्ही ग्वाल्हेरला जायचे, मला भीती वाटायची. कंदील खाली ठेवला की वाटायची नाही."

तुमचा तो ओट्यावरचा वाद, काका, तिनं एका वाक्यात पुरा केला. मी हरलो हे इथे लिहून ठेवतो. तुम्ही हसाल आणि चहा टाकायला सांगाल, पण ते ऐकायला मी उशीर केला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी दारात उभा राहिलो. मास्टर पंधरावर थांबले. सुशीलानं सवयीनं कंदील उचलला होता. मी "हाजिर" म्हणालो, आणि आवाज इतका फाटला की पार एक नंबरच्या मिश्रजींना ठसका लागला. मास्टर म्हणाले, "सोला नंबर, जरा जोर से! काका को कम सुनाई देता था." सगळी गल्ली हसली आणि हसता हसता एकेक जण डोळे पुसायला लागला.

काल फळ्यावर यादी लागली. माझं नाव आहे. टेबल राहिलं, पण भोपाळला. दिवाळी आटोपली की निघायचं. घर मिळालेलं नाही, पोरीच्या शाळेचं ठरलेलं नाही, तिथे एक माणूस ओळखीचा नाही. मी घाबरलो आहे, हे तुम्हाला सांगायला आता लाज वाटत नाही. आपल्या गल्लीत कुणी मेलं तर सातच्या आत कळतं. तिथे कधी कळेल?

संध्याकाळी मास्टरांनी काकूंना विचारलं, "काकी, इनके जाने के बाद सोला नंबर का क्या करें? काट दें?"

काकू म्हणाल्या, "काटायचं कशाला? ड्यूटीवर. पण झूठी गिनती चालणार नाही, हे बोलून गेले आहेत. दर महिन्याला पोस्टकार्ड यायला पाहिजे. नाही आलं, तो मास्टर, तुम्ही भोपाळची गाडी पकडायची."

मास्टरांनी मान डोलावली. ते नक्की गाडी पकडतील.

आज पोस्टातून डझनभर कार्डं आणली. तुमच्या घरचा पत्ता सगळ्यांवर आत्ताच लिहून ठेवला, म्हणजे तिकडच्या धावपळीत राहायला नको. मजकुराला फार जागा नसते आणि फार लागणारही नाही. आमच्या टेबलाचा शब्द 'उपस्थित' आहे. तो मीच मंजूर करून घेतला होता. पहिलं कार्ड समोर ओढलं आणि त्यावर लिहिलं, 'सोळा नंबर, हाजिर.'